यंदा बांबू नको

"नातू सारखा खोकलून राहिला," पुष्पलताबाई दारातूनच म्हणाल्या. "नालीचा वास घरात येते."

रुपरावांनी हात जोडले. "नाली तर मी आधी बांधतो, बाई. मग पाणी, मग दिवे. तुमच्या गल्लीची सारी ईडापीडा माझ्यावर टाका. फक्त मले आपला माणूस म्हणा."

महापालिकेची निवडणूक अजून लागायची होती, पण रुपराव कधीचे दारोदार फिरू लागले होते. नागपुरातल्या नंदनवनच्या या मागच्या गल्लीत त्यांचं बांबूचं दुकान. मौदा गावाहून येऊन इथं धंद्यात केस पिकले, तरी लोकांच्या तोंडी ते 'मौद्यावाला'च. मागच्या खेपेला याच गल्लीनं त्यांना पाडलं होतं आणि ते फार लागलं होतं. नगरसेवकपद राहो बाजूला, या लोकांनी एकदा आपलं म्हणावं, एवढ्यासाठी माणूस झुरत होता.

पुष्पलताबाईंनी नातवाच्या अंगावरून लिंबू फिरवलं आणि ते रुपरावांच्या कुर्त्याच्या खिशात टाकलं.

"राहू द्या, भाऊ."

भाऊ! रुपरावांनी खिशावर हात ठेवून ते लिंबू जपलं.

मग प्रत्येक दारी तेच. कुणी ताप सांगितला, कुणी नवऱ्याची दारू, कुणी सुनेची कूस. ऐकून घेतलं की खिशात लिंबू. घरी आल्यावर बायकोनं, कौशल्यानं, खिसे रिकामे केले.

"सकाळची लिंबं दुपारीच काळी कशी पडली जी?"

"ऊन आहे वं."

"मले भेव वाटते. पोळ्याले मौद्याले जाऊ."

"आत्ता कुठं लोकं आपलं म्हणून राहिले, आन् आत्ताच जाऊ?" रुपराव हसले, पण खोकत खोकत. दिवसभर बोलून घसा धरला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तिकडं पुष्पलताबाईंचा नातू अंगणात उड्या मारत होता.

पोळा तोंडावर आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर रस्त्यावर उतरतं. रोगराई, संकटं, जे काही वाईट असेल ते 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडून मारबतीच्या आणि बडग्यांच्या पुतळ्यांवर टाकायचं, मग गावाबाहेर नेऊन ते जाळायचे. गल्लीचाही आपला बडग्या असे. त्याला बांबू रुपरावांचा, फुकट. हिरवा बांबू आगीत फटाफट फुटतो, म्हणून ते आठवणीनं वाळलेला काढून ठेवत. यंदा मात्र कुणी न्यायलाच आलं नाही. शेवटी ते स्वतःच गल्लीतल्या जुन्या भैय्याजींकडं गेले.

"यंदा बांबू नको, भाऊ," भैय्याजी म्हणाले.

"काहून जी? बडग्या नाही काढून राहिले?"

"काढून राहिलो ना." भैय्याजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन किती असन तुमचं? ठेला मजबूत पाहिजे. यंदा तुम्हाले बसवतो."

रुपरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पदरचा पैसा न घालता असा प्रचार कुणाच्या नशिबी येतो?

मारबतीच्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता. तरी कोरा पांढरा कुर्ता घालून ते ठेल्यावर चढले. धक्के लागू नयेत म्हणून लोकांनी खाली भाताचं कोरडं तणस भरपूर पसरलं होतं. भैय्याजींनी कमरेला दोरी बांधली. "ठेला हलते, भाऊ." पुष्पलताबाईंनी हार घातला. कौशल्या दारात काहीतरी ओरडत होती, पण ढोलाच्या आवाजात ऐकू येईना. बायकांनी तिला मायेनं धरून ठेवलं होतं.

सारी गल्ली मागं चालत होती, म्हातारेकोतारेसुद्धा. रुपराव दोन्ही हात जोडून वळून वळून बघत होते. एवढं सुख त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

मोठ्या रस्त्याकडं न जाता ठेला मोकळ्या मैदानाकडं वळला आणि थांबला. ढोल थांबले.

"भैय्याजी," रुपरावांनी इकडंतिकडं बघत विचारलं, "आपला बडग्या कुठं आहे जी?"

पुष्पलताबाईंनी नातवाला कडेवर घेतलं, पदर सावरला, आणि त्यांच्यामागून सारी गल्ली एका सुरात ओरडली,

"घेऊन जा गा, रुपराव!"