आधी तारीख

गुरुवारपर्यंत घर रिकामं करा, असं शाळेने गंधालीला कळवलं होतं. ती मस्कतहून फोनवर हे सांगत होती, तेव्हा चंद्रप्रकाश सरांसमोर सोसायटीतली चार मुलं शुद्धलेखनाच्या वह्या उघडून बसली होती. श्रुतिकाची वही सरांच्या हातात होती. पानावर तारीख नव्हती. सरांनी ती हसून परत केली आणि फोन घेऊन ते आतल्या खोलीत गेले.

निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी पार्ल्याच्या त्या घरी रोज दुपारी चारला मुलं यायची. फी नाही, छडी नाही. नियम एकच, आधी तारीख, मग अक्षर. तारीख नसलेलं पान सर वाचत नसत. "हे कधी लिहिलंस ते उद्या तुझं तुलाच कळणार नाही," एवढंच म्हणत, आणि दहाव्यांदासुद्धा तितक्याच शांतपणे म्हणत. त्यांची मुलगी गंधालीही ह्याच टेबलावर शिकली होती.

ती रडत नव्हती, ह्याचंच सरांना जास्त वाईट वाटलं. सहा वर्षं ती तिथल्या शाळेत गणित शिकवत होती. काल तिला पत्र मिळालं, तुमचा राजीनामा मंजूर. राजीनामा तिने दिलाच नव्हता. कपाटातून निघाला होता तो रुजू होताना लिहून घेतलेला, तारखेची जागा कोरी ठेवून. संस्थाचालक इकडचेच. जाताना रीतही इकडचीच घेऊन गेलेले. नोकरी देतानाच राजीनामा लिहून घ्यायचा आणि माणूस नकोसा झाला की वर तारीख टाकायची. शाळेने काढलं असतं तर तीन महिन्यांची मुदत मिळाली असती आणि तोवर शाळेने दिलेलं घरही राहिलं असतं. स्वतःहून सोडलं म्हटल्यावर काहीच नाही. नवरा जहाजावर, मे महिन्याशिवाय परतणार नाही. मुलाची, श्रेयसची, दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर.

सहा वर्षांपूर्वी त्याच ऑफिसातून तिने फोन केला होता. बाबा, असा असा कागद मागतायत, देऊ का? सर म्हणाले होते, दे लिहून, सगळीकडे हीच पद्धत आहे.

त्यांना पद्धत माहीत होती. गोरेगावच्या एका शाळेत ते एकोणीस वर्षं मुख्याध्यापक होते, आणि तसल्या कागदांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खणात असायची. त्या कपाटातून त्यांनी आयुष्यात एकच कागद बाहेर काढला, कमलबाईंचा. बाई पहिलीला शिकवायच्या, म्हाताऱ्या आईला घेऊन शाळेमागच्या खोलीत राहायच्या. अध्यक्षांच्या भाचीला जागा हवी होती. चार दिवसांत खोली रिकामी झाली. निघताना बाई सरांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या होत्या, "सर, तुम्हाला तर आठवत असेल." आपल्याला काही आठवत नाही, असं सर म्हणाले होते.

"गंधाली, ऐक," सर फोनवर म्हणाले. "घराची किल्ली देऊ नकोस. आता कशावरही सही करू नकोस, पत्र मिळालं म्हणूनसुद्धा नाही. करारात घराचं कलम कुठे आहे ते शोध. ते जे बोलतील ते लेखी माग. आणि उद्या सकाळी तिथल्या कामगार खात्यात जा."

"बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

शिक्षकांना ह्यातलं काही कळू नये, ह्याची काळजी त्यांनीच वर्षानुवर्षं घेतली होती. त्यांनी तिला पत्राला जोडलेल्या राजीनाम्याच्या प्रतीचा फोटो पाठवायला सांगितला.

फोटो आला. वर गेल्या सोमवारची तारीख, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. मधे दोन ओळी, वैयक्तिक कारणास्तव वगैरे. खाली गंधालीची सही. सहीखाली मुंगीएवढे काही आकडे. सरांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. सहा वर्षांपूर्वीचा तीन एप्रिल. ती रुजू झाली तो दिवस.

"ही खालची तारीख कोणी घातली?"

"मीच. वरची जागा मोकळी सोडा म्हणाले ना, म्हणून खाली घातली. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, मागत नाहीत तर घालू नकोस. पण हात ऐकेचना हो बाबा. बिनतारखेचं पान कधी कोणाला दिलंय मी?"

सर पलंगावर टेकले. रुजू झाल्या दिवशी राजीनामा कोण देतं? कुठलाही अधिकारी हेच विचारेल. कागद शाळेचाच होता आणि तो शाळेच्याच विरुद्ध बोलत होता. त्यांनी तिला त्याच्या तीन प्रती काढायला सांगितल्या, मूळ कागद खात्यातल्या साहेबांसमोर मागवून घ्यायला सांगितलं. तिच्या आवाजात जीव आला.

"तुमच्या शिकवण्यामुळे वाचले बघा," ती म्हणाली. सरांनी उद्या फोन कर म्हणून फोन ठेवला.

बाहेर मुलं वाट बघत होती. श्रुतिकाने पानाच्या कोपऱ्यात तारीख घातली होती, गोल आणि ठळक आकड्यांत. तिने वही पुढे केली. "आता वाचा ना सर."

सरांनी वही घेतली. पण त्यांची नजर त्या तारखेच्या पुढे सरकेना.

कमलबाईंनीही रुजू झाल्या दिवशी कागद पुढ्यात घेतल्याबरोबर आधी तारीखच घातली होती. सरांनी तो कागद फाडला होता आणि हसून त्यांच्यापुढे दुसरा कोरा ठेवला होता.