मर्जी विचारणारी सून

सडलेला पाय कापायचा, हे म्हातारीला वगळून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलाने सही करायला पेन उघडलं, तोच आजवर कधी ब्र न काढणारी सून मध्ये पडली. "त्या शुद्धीवर आहेत. कायद्याने त्यांची मर्जी लागते, तुमची चालायची नाही," असं नवऱ्याला सुनावून तिने कागद सासूच्या पुढ्यात ठेवला.

म्हातारीच्या मनात पाल चुकचुकली. ज्या सुनेशी आपण उभ्या जन्मात गोड बोललो नाही, तिला आपला एवढा पुळका कुठून आला? मुलगा औषधं आणायला गेल्यावर तिने सुनेचं मनगट धरलं.

"खरं सांग गं. मी नको म्हणावं आणि एकदाची मरावं, हेच ना तुझ्या पोटात?"

"हो म्हणालात तर तुमचं हगणंमुतणंही काढीन. नको म्हणालात तरी उशाशी बसेन. पण बोलायचं तुम्हीच."

"का पण?"

सून चादर नीट करत राहिली.

"माझी गर्भपिशवी काढायच्या कागदावर तुम्ही परस्पर अंगठा उठवलात ना, आई, तेव्हा मी शेजारच्याच खाटेवर जागी होते."