माळ्यावरचे काका

"मोठ्यानं नको, हळू वाच," आई म्हणाली आणि उठून खिडकी लावून आली.

ते सरकार कधीच गेलं होतं. तरी त्या दिवसांचा विषय निघाला की आईचा हात आधी खिडकीकडे जायचा. मास्तरांच्या आठवणींचं पुस्तक नुकतंच बाजारात आलं होतं. फरारी असताना मास्तर या मायलेकींच्याच घरी माळ्यावर लपले होते. मग धाड पडली. मास्तर तुरुंगात गेले आणि सुटले. बाबांना नेलं, ते परत आलेच नाहीत. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून लेक वाचून दाखवत होती.

"माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली असतील, तर तेवढं गाळ."

लेक हसली. पान उलटून म्हणाली, "धाडीचं आलं. आता मामाचं नाव निघेल बघ."

मामानं चुगली केली हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. लेकीच्या लग्नात त्याला बोलावलं नव्हतं. तिनंच तशी अट घातली होती. लेक वाचू लागली.

"चौकशीच्या खोलीत साहेब हसून म्हणाला, तुमच्या यजमानाला कुणीच विकलं नाही, मास्तर. कोपऱ्यावर आमचा माणूस फुगे घेऊन उभा होता. एका चिमुरडीला त्यानं एक फुगा फुकट दिला. ती आपणहून म्हणाली, आमच्या माळ्यावर एक काका आहेत, ते दिवसभर झोपतात..."

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

फुगा तिला आठवत होता. हिरवा. कुणी दिला, असं आईनं विचारलं होतं आणि उत्तर ऐकताच तो हिसकावून घेऊन सुईनं फोडला होता. ती हमसून हमसून रडली होती. दिवे लागायच्या आत दारात जीप आली, तेव्हाही ती फुग्यासाठीच रडत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

आईनं काळ्या चष्म्याखाली रुमाल धरला. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मास्तरांची माणसं रोज दारात येऊन उभी राहायची. कुणी फोडलं, सांगा म्हणायची. तू आपली मधेमधे यायचीस. मला धडकी भरायची, ही पटकन काही बोलली तर? मग तुझा मामाच म्हणाला, ताई, माझ्यावर ढकल. पोरीला कधी कळता कामा नये."

लेक उठली. पुस्तक उचलून तिनं चपला घातल्या.

मामाचं चष्म्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. त्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून ती आजवर लांबून वळसा घालायची. आज ती सरळ निघाली, तर येणारा-जाणारा प्रत्येकजण आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटू लागलं. भाजीवाली बघत होती. पेपर वाचणारा वाचता वाचता थांबला होता. तिनं पुस्तकाचं मुखपृष्ठ आत वळवून ते छातीशी घट्ट धरलं. वाटेत एकदा ती परतही फिरली होती.

मामा एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता. सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या पुस्तकाकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो टेबलाला वळसा घालून आला, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"मामा," ती म्हणाली.

"वाचलंस?"

तिनं मान हलवली.

"मीही वाचलं. कालच." त्यानं तिचं मनगट धरलं. "साफ खोटं आहे ते. मास्तर म्हातारे झाले, त्यांना धड काही आठवत नाही. आणि त्या साहेबावर कुणी विश्वास ठेवायचा? ऐकतेस ना, बाळ? मीच सांगितलं होतं. मीच."