कॅरिअरवरचं बोलणं

"मागं बसू का रे?" आईनं विचारलं.

मुलगा नुकताच कोपऱ्यावर सायकलवरून उतरला होता. कामावरून येताना तो रोज इथंच उतरायचा. आई रोज इथंच उभी असायची. मग तो, ती आणि मधे सायकल, अशी तिघं घरापर्यंत चालत जायची. आज शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी तिचं परतीचं विमान होतं.

"मागं कुठं?"

"कॅरिअरवर. आणखी कुठं? डबलसीट."

तो हसला. "आई, इथं कुणी डबलसीट बसत नाही. दंड होतो. आणि हे कॅरिअर पिशव्यांसाठी आहे. बघ, लिहिलंय त्यावर. पंचवीस किलो."

तिनं वाकून पाहिलं. खरंच आकडा कोरलेला होता.

"म्हणजे मी पोतं असते तर चाललं असतं."

"अर्धं पोतं."

"तुझ्या बाबांच्या कॅरिअरवर काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून मागं मी, पुढं दांड्यावर तू आणि हँडलला दोन्हीकडं पिशव्या. जमणार नाही म्हणून त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

तीन महिने ती या देशातल्या सायकली बघत होती. पुढं दिवा, मागं दिवा, तेही भर दुपारी लावलेले. बाळांना पट्ट्यांच्या खुर्च्या, कुत्र्यांना टोपल्या. घंटी एकदाच टिंग करायची, तीही माफी मागितल्यासारखी. तिच्याच वयाच्या बायका डोक्यावर हेल्मेट चढवून, टोपलीत पाव नि फुलं टाकून सुसाट निघून जायच्या. कशाची म्हणून उणीव नव्हती. फक्त मागं बसून बोलणारं माणूस कुठल्याच सायकलवर नव्हतं. ज्याची त्याची सायकल, ज्याचं त्याचं तोंड पुढं.

तिचा अर्धा संसार कॅरिअरवर झाला होता. दोन खोल्यांत नऊ माणसं. नवऱ्याशी मनातलं बोलायचं तर बाजाराला जाता-येताच. एका अंगाला पाय सोडून बसायचं आणि त्याच्या सदऱ्याकडं बघत बोलायचं. चढ लागला की त्याला धाप लागायची, तो गप्प व्हायचा. अवघड गोष्ट ती नेमकी तेव्हा काढायची. तोंडावर जे निघत नाही ते निघावं, म्हणूनच देवानं माणसाला पाठ दिली असणार, असं तिला वाटायचं.

आताही एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती आली त्याच दिवशी मुलानं विचारलं होतं, "इथंच राहशील का माझ्याजवळ?" आणि ती पटकन म्हणून गेली होती, "छे रे, मला आपलं माझं घर बरं." त्याच्या गळ्यात पडायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. त्यानं ते खरं मानलं. पुन्हा विचारलं नाही. रोज जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसत, आणि ती आमटीत मीठ बरोबर पडलंय का, तेवढंच विचारी.

"राहू दे," ती म्हणाली. "चल, बॅग भरायचीय अजून."

तो जागचा हलला नाही. त्यानं रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला.

"बसवून चालवायची नाही, असा कायदा आहे," तो म्हणाला. "बसवून ढकलायची नाही, असं कुठं लिहिलेलं नाही."

"आणि किलो?"

"मोडलं तर दुसरं घेऊ. बस."

त्यानं अंगातलं जाकीट काढून, घडी घालून कॅरिअरवर ठेवलं. ती एका अंगाला बसली. कॅरिअर जरा कुरकुरलं आणि गप्प झालं. तो हँडल धरून चालू लागला. समोरून शेजारची म्हातारी सायकलवर येत होती. तिनं वेग कमी करून या दोघांकडं नीट बघून घेतलं आणि जाताजाता घंटी वाजवली. एकदा नाही, दोनदा.

"मागं वळू नकोस," आई म्हणाली.

"का?"

"वळलास तर मी पडेन."

तो पुढं बघून चालत राहिला. त्याच्या शर्टाची शिवण खांद्यावर उसवली होती. तीन महिन्यांत हे तिला दिसलंच नव्हतं.

"तेव्हा मी खोटं बोलले," ती त्या शिवणीला म्हणाली. "माझं घर बरं, म्हणाले ते. दुपारी मी तिथं रेडिओ लावते. ऐकायला नव्हे. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. चहा अजून दोन कपांचाच ठेवते, आणि उरलेला संध्याकाळी गरम करून पिते." चाक टिकटिकत होतं. "मला जायचं नाही रे. पण तुला जड होणार असेल, तर मी काही बोललेच नाही असं समज."

त्याची पावलं हळू झाली.

घराचं फाटक आलं. उतरण्यासाठी तिनं पाय खाली सोडले.

"पाय वर घे, आई," तो मागं न वळता म्हणाला, आणि सायकल ढकलत फाटकावरून तसाच पुढं गेला.