संस्थागीत

संगीत शिक्षक घडवणाऱ्या त्या संस्थेच्या इतिहासाचं पुस्तक वर्धापनदिनाच्या समारंभात प्रकाशित झालं. संस्थागीताचे संगीतकार म्हणून त्यात माजी प्राचार्यांचा पानभर फोटो होता. "चाल काय हो, आंघोळ करताना सुचली!" ते माइकवर हसत म्हणाले.

साथीला पेटीवर बसलेल्या बाईंचं डोकं सणकलं. चाल त्यांची होती. ती ढापून हे गृहस्थ मिरवत होते, आणि बाई दरवर्षी दातओठ खात त्याच गीताला साथ करत होत्या.

आज मात्र बाई गोड हसल्या. "सर, दरवेळी आपण मुखड्यावरच थांबतो. आज तुमच्या तोंडून अंतरा होऊन जाऊ दे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी सूर दिला. प्राचार्य पुस्तकात छापलेल्या शब्दांकडे नुसते बघत राहिले.

 

अंतऱ्याची चाल बाईंनी आजवर कुणाच्या कानावर पडूच दिली नव्हती.