मोकळी सोडलेली ओळ

"एका बाजूला लग्नाची गाणी आहेत, उस्ताद. प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला आहे," सुहाद म्हणाली.

अबू लैसनं कॅसेट उन्हाकडे धरून पाहिली. अम्मानच्या त्या बोळात इराकमधून आलेल्यांची दहाबारा दुकानं होती. प्रोग्रॅम अशा कॅसेटवर साठवणारे जुने घरगुती संगणक दुरुस्त करणारा हा एकटाच. टीव्हीला जोडायचे ते अरबी अक्षरांचे कीबोर्ड त्यानं फळीवर लेकरांसारखे जपून ठेवले होते. गिऱ्हाइकं कमी, आठवणी काढायला येणारेच जास्त. त्यालाही तेच आवडायचं.

सुहाद याआधी दोन शहरांत तिघांकडे जाऊन आली होती. टेप तिघांनीही चालवून दिली, पण तिचं काम झालं नव्हतं.

"माझ्या भावाची आहे. मुअय्यदची," ती म्हणाली. "शहाऐंशी साली बगदादच्या संगणक क्लबातून घरी आला, त्याच संध्याकाळी त्याला उचलून नेलं. परत आला नाही."

"अल्ला रहम करो." अबू लैसनं तिच्यापुढे सुक्या लिंबाचा चहा ठेवला. "मी बसऱ्याचा, ताई. त्या क्लबाची पायरीसुद्धा कधी चढलो नाही."

"राजवट पडल्यावर त्याची फाइल हाती आली. लिहिलंय, प्रोग्रॅममध्ये राष्ट्राध्यक्षांचा अपमान होता. पण अपमानाचे शब्द कागदावर उतरवायची छाती कुणाचीच झाली नाही."

"आणि खबर देणाऱ्याचं नाव?"

"त्यावर काळी शाई फासलीय. कोणत्या शब्दांपायी माझा भाऊ गेला, तेवढं तरी कळू दे मला."

अबू लैसनं कॅसेट संगणकाच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बारीक पेचकसानं त्याचा स्क्रू किंचित फिरवला. यंत्र कर्कश किंचाळत राहिलं. मग पडद्यावर आकडे घातलेल्या ओळी उमटल्या. दहा, वीस, तीस, चाळीस. प्रोग्रॅम नाव विचारायचा आणि स्वागत करायचा, बस्स.

"यात तर काहीच नाही," सुहाद म्हणाली.

"एखादी ओळ गळाली असेल. आम्ही आकडे दहा-दहा सोडून टाकायचो ना, मागाहून मध्ये काही घालायचं झालं तर जागा असावी म्हणून." त्यानं वीस आणि तीसच्या मधे बोट ठेवलं. "घालणाऱ्यानं इथंच घातली असणार."

"जाऊ दे. असेल एखादी बाजारू शिवी. आमच्या दादाला विनोद कुठला जमायला!"

"बाजारू?" अबू लैस एकदम सरळ बसला. "क्लबातली पोरं भारी टवाळ असायची, ताई. शिवी तर कुणीही देईल."

"मग दुसरं काय असणार?"

तो दाराबाहेर डोकावून आला. इतक्या वर्षांनीही ती सवय सुटली नव्हती. मग खुर्ची ओढून त्यानं पंचवीस आकड्याची ओळ टाइप केली, भराभर, कुठेही न अडखळता.

"समजा, असं काहीतरी. आता त्यांचं नाव घाला."

सुहादनं एकेक अक्षर शोधत राष्ट्राध्यक्षांचं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं: महाराज, आईची शेळी सापडली. घरी या.

अबू लैसला हसू आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, "बघा! लहानपणी गावात शेळ्या राखायचे ना ते. याला म्हणतात विनोद."

सुहाद हसली नाही. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं चहाचा पेला बाजूला सारला. चहाला तिनं तोंडही लावलं नव्हतं.

"दादानं हीच ओळ मला त्या संध्याकाळी वाचून दाखवली होती, अक्षर न् अक्षर," ती म्हणाली. "मग घाईघाईनं पुसून टाकली. 'माझ्या टेपमध्ये हे घातलं कुणी,' एवढंच तो विचारत होता."