अप्पांचा हात

“एक कान उघडा ठेव,” कुंभकोणमच्या गाडीत बसताना सासूबाई म्हणाल्या होत्या. “त्या हेडफोनच्या दोन वाट्या कानांवर चढवल्यास, की घर कोसळलं तरी तुला कळायचं नाही.”

कोदै हसली होती. “अम्मा, बाळ सतत माझ्या डोळ्यांसमोर असतं. तुम्ही निवांत लग्न जेवून या.”

आत्ताही इनिया डोळ्यांसमोरच होती. आठ महिन्यांची, चटईवर पालथी, लॅपटॉपच्या वरच्या कडेवरून नेमकी दिसेल अशी. दर अर्ध्या मिनिटाला कोदैची मान वर जाई. तोंडात काही घातलं नाही ना? चटईच्या काड्या निघाल्यात, त्या घशात गेल्या तर? मान खाली, पुन्हा वर. कानांत गाणं.

रविवारी चेन्नईत मैलापूरच्या संगीतसभेत हे गाणं वाजवायचं होतं. त्र्याऐंशी सालच्या मार्गळी महिन्यातली, डिसेंबरच्या संगीत-हंगामातली मैफल. गाणाऱ्या बाई जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्या मैफलीची जगात एकच कॅसेट उरली होती. ती अप्पांकडे, म्हणजे कोदैच्या सासऱ्यांकडे. तिनं फितीवरची बुरशी पुसली, फीत नव्या डबीत बसवली, गाणं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. खरखर गेली, पंख्याची घरघर गेली. एकच त्रास उरला. थप्.

अप्पांनी टेपरेकॉर्डर पिशवीत लपवून मांडीवर ठेवला होता. आणि त्याच मांडीवर दीड तास ताल धरला होता.

“तुम्ही गाणं ऐकायला गेला होतात, की मृदंगवाल्याशी मारामारी करायला?” सकाळी कॉफी देताना तिनं विचारलं होतं.

“तो मागे पडत होता, पोरी. मी त्याला ओढून आणत होतो.”

“हळू ओढायचं ना! तीन दिवस झाले, तुमचा एकेक ठोका वेचून काढतेय.”

“काढ बाई, काढ. तेव्हा शेजारी बसलेला कुणी मामा हात धरून म्हणाला, बस करा. त्याचं ऐकलं नाही. आता सून कापतेय.” अप्पा हसले होते. पण कॉफी त्यांनी अर्धीच ठेवली.

पडद्यावर प्रत्येक ठोका काट्यासारखा उभा दिसे. ती तो काटा धरून काढी आणि पुढच्याकडे जाई. मैफलीतलं शेवटचं मोठं गाणं मिश्र चापूत होतं, सात मात्रांचा ताल. तीन आणि चार, तीन आणि चार. आता तो तिला कुकरच्या शिट्टीतही ऐकू येऊ लागला होता.

अकराच्या सुमारास शेवटचा काटा निघाला. तिनं कानांवरच्या वाट्या घट्ट केल्या आणि मैफल पहिल्या गाण्यापासून लावली. बाईंचा आवाज नुकताच न्हाऊन आल्यासारखा. मागे तंबोरा, बाजूला मृदंग. बाकी काही नाही.

थप्.

तिनं मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. काही नव्हतं. पुढे गेली. थप् थप्. तीन आणि चार.

पडद्यावर रेघ गुळगुळीत होती. एक काटा नाही. डोक्यात बसलाय माझ्या, ती पुटपुटली. कुठे राहिलाय ते नीट सापडावं म्हणून तिनं आवाज आणखी वाढवला. ठोका थोडा दबला, पण गेला नाही. आता तर तो गाण्याला सोडून चालला होता. बाई आठ मात्रांचा आदिताल गात होत्या आणि ठोका मिश्र चापूचा पडत होता. असं कसं होईल? अप्पा ताल चुकणारे नव्हेत.

सवयीनं मान वर गेली. इनिया चटईच्या काड्या सोडून बसली होती. तोंड उघडं, मान स्वयंपाकघरापलीकडच्या बोळाकडे वळलेली. कोदै अर्धी उठली. घशात गेलं काहीतरी! नाही. बाळ श्वास घेत होतं. बाळ ऐकत होतं.

थप्. बाळाच्या पापण्या फडफडल्या. थप्. पुन्हा.

गाणं तर फक्त कोदैच्या कानांत होतं.

तिनं वाट्या उपटून फेकल्या, बाळाला कडेवर घेतलं आणि धावली. न्हाणीघराचं दार वीतभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. फटीतून अप्पांचा खांदा दिसला. ते फरशीवर पडले होते, पाय भलताच वळलेला, नळ वाहत होता. हातातल्या तांब्यानं ते दारावर ठोकत होते. तिचा चेहरा दिसला तरी त्यांनी आवर्तन पुरं केलं, मगच तांब्या ठेवला.

“अप्पा! हाक का नाही मारलीत?”

“मारली ना.” आवाज पार खोल गेला होता. “हाका मारल्या. मग नुसतंच ठोकलं. तुला कुठलं ऐकू यायला? मग म्हटलं, ही तीन दिवस माझ्या तालाच्या मागावर आहे. तो ऐकला, की शोधत येईल.”

रविवारी अप्पा इस्पितळातच होते, मांडीत सळई घातलेले. सभेत कॅसेट वाजली ती मूळचीच, ठोक्यांसकट. पुढे कोदैनं ती इंटरनेटवर सगळ्यांना ऐकायला ठेवली, तेव्हा खाली चार ओळी लिहिल्या:

“यातला ताल गाळायचा राहून गेलेला नाही, ठेवला आहे. गाणं कुठे पळून जात नाही. कानाला लावण्याआधी एकदा उठा, आणि आतल्या खोलीत जे कुणी आहे त्यांना बघून या.”